भिवाशेठच्या घरचं ताट

आमच्या घरात राजकारण यायचं ते मासळीच्या पाटीतून. द्वारकी खाडीकडच्या गावातून सकाळी पनवेलात यायची, आमच्या ओट्यावर पाटी टेकवायची आणि मासा दाखवायच्या आधी बातमी दाखवायची. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. ज्या माशाला खवलं नाही तो आमच्यात शिजत नाही, हे द्वारकीला माझ्यापेक्षा पक्कं पाठ होतं. पाटीत कोलंबी, चिंबोऱ्या असल्या तर त्यावर ओलं फडकं टाकून ती म्हणायची, "तुमच्या देवाला चालनारं वर ठेवलंय गो बाय, खालचं बघू नको." मग जिताडा उलटापालटा करत सांगायची, नगरपालिकेत कोण फुटला, कोण कुणाच्या गाडीत बसून गेला. आता मी खांदा कॉलनीत चौथ्या मजल्यावर राहते आणि बातमी मोबाइलमधून येते. पण द्वारकीची बातमी निदान ताजी असायची, आणि शिळी निघाली तर दुसऱ्या दिवशी तिला तोंडावर सांगता यायचं.

तळ्याजवळच्या आळीत आमच्या दोन खोल्या आणि पडवी, वर कौलं. आई पनवेलात जन्मली, पनवेलात नांदली, तरी पाहुण्यासारखी दबून वागायची. आमची आधीच मोजकी घरं, त्यातली एकेक करून इस्राएलला निघून गेलेली. मामा गेले, मावशी गेली, त्यांची जाड निळी पाकिटं यायची. "आपण चार घरं उरलो. आपण आवाज करू नये," हे आईचं पालुपद. कडी जोरात वाजली तरी ती दचकायची आणि चौकटीला ठोकलेल्या मेझूझाला, प्रार्थनेच्या त्या छोट्या डबीला, बोट लावून ते ओठांना लावायची. शुक्रवारी दुपारपासून मात्र तिच्यात जीव यायचा. मनुका भिजवून कुस्करायच्या, त्याचं सरबत गाळायचं, नारळाचं दूध काढायचं, आणि सूर्य बुडायच्या आत आमच्या शनिवारच्या पवित्र दिवसाचा दिवा लावायचा. दिवा लागला की ती दोन्ही हात डोळ्यांवर धरायची, आणि तेवढा वेळ तिला कशाचीच भीती वाटत नाही असं मला वाटायचं.

बाबा म्हणजे अब्राहम मास्तर. अर्ध्या गावानं त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या. त्यांचं एक खूळ होतं, खूळच म्हणते मी. मी त्यांच्याच शाळेत होते, पण माझा पेपर त्यांनी कधी तपासला नाही. गठ्ठ्यात माझा पेपर आला की तो दुसऱ्या मास्तरांपुढे सरकवायचे आणि स्वतः खुर्चीवरून उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. पाऊस असो, ऊन असो. मी एकदा चिडून विचारलं, "नुसता पेपर दिला तर नाही का चालत? उठायचं कशाला?" तर म्हणाले, "बसून राहिलो तर डोळा जातो. माणूस आहे मी." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण ते आम्हाला वर्गात शिकवायचे तेव्हा सगळी पोरं हसायची. ते हसायचे नाहीत.

तर आमच्याच आळीतले भिवाशेठ नगराध्यक्ष असताना नव्या भाजी मंडईतले दोन गाळे त्यांच्या मेहुण्याला आणि पुतण्याला मिळाले. आरडाओरडा झाला. चौकशी करायचं ठरलं, पण कुणी करायची? ह्या पक्षाचा माणूस त्यांना चालेना, त्या पक्षाचा ह्यांना. शेवटी कुणीतरी म्हणालं, अब्राहम मास्तर आहेत की, ते ना आपले ना त्यांचे. आईनं हे ऐकलं आणि चुलीवरचं कालवण करपलं. बाबांनी महिनाभर कागद वाचले, माणसं बोलावली आणि एकच प्रश्न विचारला. नात्यातला अर्ज पुढे आला तेव्हा भिवाशेठ खुर्चीवरून उठले होते का? नव्हते उठले. बाबांनी तसं लिहून दिलं. भिवाशेठला राजीनामा द्यावा लागला.

त्यांच्या जागी आले आप्पासाहेब. आप्पासाहेब म्हणजे माझा देव, असं म्हटलं तरी चालेल. एकोणीस वर्षांची होते मी. त्यांच्या सभेला पहिल्या रांगेत, त्यांच्या पक्षाचा बिल्ला माझ्या ओढणीला. नगरसेवक असताना आमच्या आळीत नळ आणला तो त्यांनी, कॉलेजात येऊन मुलींशी मुलींसारखं न बोलता माणसांसारखं बोलले ते हेच. बाबांच्या अहवालानंतर त्यांच्या माणसांनी आमच्या दारात फटाके वाजवले, बाबांना हार घातला. "मास्तर म्हणजे देवमाणूस!" भिवाशेठचे लोक म्हणत होते, मास्तर विकला गेला. मी हसले. त्या दिवसांत भिवाशेठची बायको, तुळसाकाकू, नळावर हंडा घेऊन आली. बायकांनी तिला जागा दिली नाही. ती रांगेच्या टोकाला उभी राहून पदरानं डोळे पुसत होती, आणि मी, मास्तरांची मुलगी, तिच्याकडे बघून मोठ्यानं हसले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

आमच्यात काही काम तडीस गेलं, संकट टळलं की एलियाहू हन्नाबी ह्या प्रेषिताच्या नावानं मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. पेपरात कुणी 'मलिदा लाटला' असं छापून आलं की आई चिडायची, "आमच्या देवाच्या ताटाचं नाव कशाला घेतात मेले!" मलिद्याचा नियम साधा. आशीर्वाद म्हणून झाला की आळीतल्या प्रत्येक घरी ताट जायचं, भांडण असो की नसो. त्या वेळीही आईनं ताटं भरली आणि मी ती पोचवली. भिवाशेठच्या दारापाशी आले, क्षणभर थांबले आणि पुढे गेले. ते ताट आप्पासाहेबांच्या घरी दुसऱ्यांदा दिलं. घरी आईनं विचारलं, सगळीकडे दिलंस? मी म्हटलं, हो.

पुढच्या वर्षी नगरपालिकेच्या बालवाडीत शिक्षिकेच्या जागा निघाल्या. मी अर्ज केला आणि घरी न सांगता आप्पासाहेबांकडे गेले. निवड समितीचे अध्यक्ष तेच. "अगं, झालंच समज, ताई," ते म्हणाले, आणि झालं. ऑर्डर आली तेव्हा बाबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाले, "स्वतःच्या गुणांवर." आप्पासाहेबांकडे गेले होते हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण नोकरी मिळाल्याचा आनंद मोठा असतो, ते सांगणं त्याखाली दबून गेलं.

उन्हाळ्यात टँकरचं कंत्राट आप्पासाहेबांच्या साडूला मिळालं. कंत्राट द्यायच्या बैठकीत आप्पासाहेब खुर्चीत बसले होते. भिवाशेठचे लोक उठले. पुन्हा चौकशी, पुन्हा मास्तर. आप्पासाहेबांच्या माणसांनी तर हौसेनं हो म्हटलं, मास्तर आपलेच आहेत की! द्वारकीनं पाटी टेकवली आणि म्हणाली, "त्या भिवानं खाल्लं ते घरच्यांसाठी. आप्पानं केलं तं गावासाठी. पानी आलं का नाय?" मला ते पटलं. पटलं कसलं, मी रात्रंदिवस तेच घोकत होते. बाबांना म्हटलं, "गाळे आणि टँकर सारखे कसे? लोकांना पाणी मिळालं! हे सगळं विरोधकांचं कारस्थान आहे." बाबा चष्मा पुसत होते. "असेल कारस्थान," ते म्हणाले. "तो उठला होता का?"

परवा इथे खांदा कॉलनीत माझा मुलगा आणि सून जेवताना भांडले. त्याच्या पक्षाच्या माणसावर आरोप झाला तर सून म्हणते पुरावा, तो म्हणतो सूड. महिन्यापूर्वी तिच्या पक्षाच्या माणसाची पाळी होती तेव्हा दोघांनी हेच शब्द आपसात बदलून वापरले होते. दोघंही शिकलेली, दोघंही प्रामाणिक. मी आमटी वाढत राहिले. मला बोलायचा अधिकार कुठे आहे?

बाबांनी कागद मागवायला सुरुवात केली आणि आळी बदलली. आधी बोलणी थांबली. मग समोरच्या कट्ट्यावर दोन माणसं येऊन बसायला लागली, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, विड्या फुंकत. ती काही करायची नाहीत, नुसती आमच्या दाराकडे बघत बसायची. बाबा बाहेर पडले की एक स्कूटर हळूहळू त्यांच्या मागून जायची. द्वारकी आमचा ओटा टाळून पलीकडून जायला लागली. एकदा मी तिला हाक मारली तर मान खाली घालून म्हणाली, "आमाला बी पोरं हायत गो," आणि चालती झाली. आई आता भांडीसुद्धा आवाज न करता घासायची. तिची भीती मला कळायची. माझी कुणाला कळत नव्हती. बाबा कागदांचा गठ्ठा उघडायचे तेव्हा मला वाटायचं, आता यातून माझा कागद निघणार. मी दारामागे उभी राहून पानं उलटण्याचा आवाज ऐकायची आणि माझ्या पाचावर धारण बसायची.

एका गुरुवारी अहवाल लिहून झाला. बाबा बाहेर गेले तशी मी गठ्ठा उघडून पाहिला. शेवटचं वाक्य भिवाशेठच्या अहवालातलंच होतं, फक्त नाव वेगळं. सही व्हायची होती. आईनं घाबरून मलिदा केला, सगळं सुखरूप पार पडो म्हणून, आणि नेहमीसारखी ताटं भरली. भिवाशेठचं दार मी ह्याही वेळी टाळलं. आप्पासाहेबांकडे ताट घेऊन गेले तेव्हा ते एकटेच झोपाळ्यावर होते. "मास्तर काय म्हणतायत?" त्यांनी मलिद्याचा घास घेत विचारलं, अगदी सहज. आणि मी बोलून गेले. बाबांनी दोषी लिहिलंय, पण सही झालेली नाही, तुम्ही एकदा येऊन समजवा, तुमचं ते ऐकतील. मला खरंच वाटत होतं की मी दोघांनाही वाचवतेय. आप्पासाहेबांनी झोपाळा पायानं थांबवला. "बालवाडी कशी चाललीय, ताई?" ते म्हणाले. "कायम व्हायचंय ना अजून?" हसून म्हणाले ते. त्या घरातून मी रिकामं ताट घेऊन कशी बाहेर पडले ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ऊन कलायच्या सुमारास आप्पासाहेब आले. कट्ट्यावरची माणसं उठून आमच्या ओट्यावर येऊन बसली. आप्पासाहेबांनी चपला बाहेर काढल्या, आईला वहिनी म्हणाले, पाणी मागितलं. "मास्तर, सोमवारी सभेत अहवाल वाचा, जरूर वाचा," ते म्हणाले. "फक्त मग मीही एक कागद वाचेन. बालवाडीच्या निवडीचा. तुमची मुलगी माझ्याकडे आली होती, मी तिचं काम केलं. त्या बैठकीत मीच होतो खुर्चीत. आणि तिच्याच वडिलांनी माझी चौकशी करायची म्हणजे..." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ऊन भिंतीवरून सरकत वर चाललं होतं. आई काडेपेटी हातात धरून उभी होती, दिव्याची वेळ टळत होती आणि पाहुणा उठत नव्हता.

"फ्लोरा, गेली होतीस?"

"हो."

"अहवालाचंही तूच सांगितलंस?"

"हो, बाबा."

मग आईनं काडी ओढली. पहिली विझली, दुसरी विझली, तिसरी लागली. तिनं दिवा लावला, डोळ्यांवर हात धरले, आणि आप्पासाहेबांनीही आपले हात जोडले. बाहेर विडीचा वास येत होता. बाबा म्हणाले, "म्हणजे मला उठायला हवं."

"शहाणे आहात, मास्तर," आप्पासाहेब म्हणाले आणि चपला घालून गेले.

शनिवारी आम्ही दारं-खिडक्या लावून बसलो होतो. भर दुपारी कौलातून दगड आला आणि स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपाला लागला. कुणी मारला? आप्पासाहेबांचं काम तर झालं होतं. मग भिवाशेठच्या माणसांनी, मास्तर माघार घेणार ही बातमी फुटली म्हणून? आजही ठाऊक नाही. दोन्हीकडून दगड येऊ शकतो हे तेव्हा कळलं, आणि त्यापेक्षा भयंकर काही मला तरी माहीत नाही. आई शेमाची प्रार्थना म्हणत कोपऱ्यात बसली होती. मी बाबांच्या पायाशी जाऊन रडले, म्हटलं मारा मला. ते म्हणाले, "भिवाशेठच्या वेळी तुला माझा अहवाल बरोबर वाटला होता ना?" मी मान हलवली. "का वाटला होता?" त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

सोमवारी नगरपालिकेचं सभागृह तुडुंब. एका बाजूला ह्यांचे, दुसऱ्या बाजूला त्यांचे, मागच्या बाकांवर गावातली माणसं. आई माझा हात घट्ट धरून बसली होती. अध्यक्षांच्या खुर्चीत कोण? तर आप्पासाहेब स्वतः. स्वतःच्या चौकशीच्या सभेला! बाबांना समोर टेबल-खुर्ची दिली होती. ते बसले, चष्मा लावला, मग काढला. म्हणाले, "ज्यांची चौकशी मी करतोय त्यांच्याकडे माझी मुलगी नोकरी मागायला गेली होती, आणि त्यांनी ती दिली. मला माहीत नव्हतं, पण ते महत्त्वाचं नाही. आता माझा शब्द कुणी का मानावा? अहवाल मी सादर करत नाही. माझ्या मुलीचा राजीनामा इथे ठेवतोय." राजीनामा मीच रविवारी लिहिला होता. अक्षर इतकं वाकडं की माझं मलाच ओळखू येईना. बाबा उठले. खुर्ची नीट आत सरकवली.

आप्पासाहेबांच्या बाजूनं टाळ्या, शिट्ट्या. "मास्तर घाबरला!" दुसऱ्या बाजूनं, "विकला गेला! तेव्हाही विकलाच होता!" बाबा तसेच उभे राहिले, वर्ग गप्प होईपर्यंत उभे राहायचे तसे. आणि गप्प झाला हो वर्ग. त्यातले अर्धे त्यांचेच विद्यार्थी. मग त्यांनी वर बघितलं.

"मी उठलो, आप्पासाहेब. आता तुम्ही?"

पंखा गरगरत होता. आप्पासाहेब हसले, शेजाऱ्याकडे वळले, कागद चाळले. उठले नाहीत. त्यांच्या बाजूचं कुणीही उठलं नाही, आणि दुसऱ्या बाजूला ज्यांनी गेल्या वेळी भिवाशेठला खुर्ची सोडू नका म्हणून गळ घातली होती, ते खाली बघत होते. बाबा एकटे दाराकडे चालायला लागले. तेव्हा माझ्या हातातून आईचा हात सुटला. आई, कडी वाजली तर दचकणारी माझी आई, त्या शेकडो डोळ्यांदेखत उठली आणि पदर सावरत बाबांच्या मागून चालायला लागली.

मी बसून राहिले. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी त्या माणसांना घाबरले होते, त्यांच्या शिट्ट्यांना, दगडाला. खोटं आहे. उठले असते तर कबूल करावं लागलं असतं की माझा माणूस चुकला, आणि मग नळावरच्या त्या हसण्याचं मी काय करणार होते? त्याची भीती होती मला. सभा पुढच्या विषयाकडे वळली, चौकशी तिथेच विरली, आणि मी सगळ्यांत शेवटी, भिंतीच्या कडेकडेनं घरी आले.

आई पोहे भिजवत होती. सगळे धडधाकट घरी परतलो तर मलिदा, असा नवस तिनं दगडाच्या दिवशी केला होता. बाबांनी आशीर्वाद म्हटले, आवाज थोडा बसला होता. आईनं ताटं भरली. मी पहिलं ताट उचललं तसं बाबांनी विचारलं, "भिवाशेठकडे जातं ना गं आपलं ताट?" मी म्हटलं, "नाही." "त्या चौकशीपासून एकदाही?" "एकदाही नाही." रागावतील असं वाटलं. ते नुसते थकलेले दिसले. "मग आज पहिलं तिकडे," ते म्हणाले.

भिवाशेठचं घर आमच्यापासून सहा दारं सोडून. कट्ट्यावरची ती दोन माणसं तिथेच होती. मी ओटा उतरले तशी त्यांची नजर ताटावर, मग माझ्यावर. एक जण म्हणाला, "ताई, घर चुकलं का?" मी थांबले असते तर परत फिरले असते, म्हणून थांबले नाही. कडी वाजवली. तुळसाकाकूनं दार उघडलं. मी ताट पुढे केलं. ती ताट उडवून देईल, शिव्या घालेल, आळी गोळा करेल, काय वाट्टेल ते होऊ शकत होतं आणि ते सगळं मला लागू होतं.

"मास्तर जेवला का?" तिनं विचारलं.

मी मान हलवली, नाही म्हणून. तिनं ताट घेतलं आणि आत गेली. आत भांड्याचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला. कुणाचं ताट रिकामं परत करायचं नसतं. ती धुतलेलं, पुसलेलं ताट घेऊन आली, मधोमध मूठभर साखर घातलेली.

"तुजा बाप तवा बी खरं बोलला आन आज बी," ती म्हणाली. "आमी त्याला लय शिव्या घातल्या." मग ताट माझ्या हातात दिलं, पण सोडलं नाही. "तू नळावर हसली होतीस."

"हो, काकू."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग कट्ट्यावरच्या माणसांकडे, मग ताट सोडलं.

"जा घरी. दोन्ही हातांनी धर. थरथरतेस तू, साखर सांडंल."